लवकर वितळतं, उशिरा निघतं

९ जुलै १७७६ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकात जमावानं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच दिवशी तिथल्या सैन्याला वाचून दाखवला गेला होता. पुतळा होता शिशाचा, वरून सोन्याचा मुलामा. त्याचे बरेचसे तुकडे कनेटिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी पोहोचले. हे वॉलकॉट जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायकामुलांनी राजाला वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याची नोंद वॉलकॉट यांनी ठेवली आणि बेरीज केली ४२,०८८.

या हकिकतीतला राजकीय विनोद अमेरिकन लोक आवडीनं सांगतात. मला त्यात जास्त लक्षणीय वाटतं ते हे, की दारूगोळ्यासारखं लढाईचं काम घरात, साध्या जाळावर, मुलं करू शकली. तांबं वितळायला १,०८५ अंश सेल्सियस लागतात, लोखंडाला १,५३८. शिसं ३२७.५ अंशांना पाणी होतं. त्यासाठी ना भाता लागतो, ना भट्टी. शिवाय ते तांब्याहून जड आणि नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. जड असल्यामुळे गोळी हवेत वेग चटकन गमावत नाही आणि मऊ असल्यामुळे नळीचं पोलाद खरवडत नाही. सोरा, गंधक आणि कोळशाच्या काळ्या दारूच्या जमान्यात शिशाला स्पर्धकच नव्हता.

म्हणून त्या काळी अमेरिकेतला बंदूक घडवणारा कारागीर गिऱ्हाइकाला बंदुकीबरोबर गोळीचा साचाही करून द्यायचा. प्रत्येक नळीचं भोक वेगळं, तेव्हा प्रत्येकाचा साचा वेगळा. आपल्याकडेही तोड्याच्या बंदुकीत जायची ती शिशाचीच गोळी, आणि ईस्ट इंडिया कंपनी लोकरी कापडाबरोबर शिसंही हिंदुस्थानात विकायला आणत असे.

पुढे कारखाने आले. १७८२ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स नावाच्या नळजोडणी कारागिरानं छऱ्यांसाठी एक युक्ती पेटंट केली: वितळलेलं शिसं उंचावरून चाळणीतून खाली सोडायचं. पृष्ठताणामुळे थेंब पडता पडता गोल होतो, थिजतो आणि खालच्या पाण्यात पडतो. थेंब नीट गोल व्हावा म्हणून शिशात किंचित आर्सेनिक घालत. यासाठी मनोरे उभे राहिले. बाल्टिमोरमधला १८२८ चा विटांचा मनोरा सुमारे ७१ मीटर उंच आहे आणि आजही उभा आहे. मग १८८० च्या दशकात धूरविरहित दारू आली आणि गोळीचा वेग एवढा वाढला, की नुसतं शिसं नळीतल्या आट्यांना धरून राहीना. सोललं जाऊ लागलं. एडुआर्ड रुबिन या स्विस अधिकाऱ्यानं शिशावर तांब्याचं कवच चढवलं. लष्करापुरता घरगुती गोळीचा विषय तिथे संपला.

छंद म्हणून मात्र तो संपला नाही. अमेरिकेत आजही हजारो लोक गॅरेजमध्ये, अंगणातल्या शेडमध्ये गोळ्या ओततात. तिथल्या कायद्यानं स्वतःच्या वापरासाठी ओतायला परवाना लागत नाही. धंदा म्हणून विकायच्या असतील तर लागतो. ओतण्याची कारणं निरनिराळी. कोणाला पैसे वाचवायचे असतात. कोणाकडे आजोबांची अशी रायफल असते, जिच्या मापाची गोळी बाजारात मिळतच नाही. आणि बऱ्याच जणांना फक्त धातू ओतायला आवडतं, हे ते स्वतःही कबूल करतात. या मंडळींचं एक दैवत म्हणजे आयडाहोचा एल्मर कीथ. कुरणांवर गुरं राखलेला हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट लिहीत राहिला: पिस्तुलाला मोठी, जड, हातानं ओतलेली गोळी हवी. १९५५ मध्ये बाजारात आलेल्या .४४ मॅग्नम काडतुसामागे त्याच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता.

नवशिक्याला वाटतं, कौशल्य ओतण्यात आहे. खरं तर निम्मा छंद हा भंगाराचा आहे. शुद्ध शिसं जुन्या भरणीच्या बंदुकीला चालतं. जरा वेगवान पिस्तुलाला ते फार मऊ पडतं. ब्रिनेल मापनात शुद्ध शिशाचा कठीणपणा जेमतेम ५. त्यात अँटिमनी घातली की धातू टणक होतो. कथील, म्हणजे आपला कल्हईचा धातू, घातलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट शिरतो. लायमन कंपनीचं जुनं प्रसिद्ध मिश्रण ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असं आहे. त्याचा कठीणपणा १५ च्या आसपास भरतो. पण कथील महाग. म्हणून छंदिष्टांची नजर कायम फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या धातूवर असते: छपरावरचे जुने पत्रे, नेमबाजीच्या मैदानातल्या मातीतून चाळून काढलेल्या गोळ्या, आणि सगळ्यात लाडकी म्हणजे मोटारीच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावायची वजनं. या वजनांत अँटिमनी तीन-चार टक्के आधीच असते. टायरवाल्याकडे ओळख असणं ही या छंदातली मोठीच मालमत्ता होती. आता कॅलिफोर्नियासह काही राज्यांत शिशाच्या वजनांवर बंदी आहे आणि युरोपानंही ती बाद केली आहेत, त्यामुळे बादलीत जस्ताची आणि पोलादाची वजनं अधिक निघतात. यातलं जस्त हा शत्रू. ते शिशात मिसळलं तर रस घट्ट, पिठूळ होतो आणि साचा भरत नाही. त्यावरचा उपाय तापमानाचा आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं. भांडं त्याच्या बरंच खाली ठेवलं तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्यानं काढून टाकता येतात.

आणखी एक खाण होती, आणि ती मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. ओटमार मर्गेन्थालरचं लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात चालू झालं. मजकुराची अख्खी ओळ ते गरम धातूत ओतून काढायचं. त्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. या प्रमाणाची गंमत अशी, की मिश्रण शुद्ध शिशापेक्षाही लवकर, २४० अंशांच्या आसपास वितळतं, आणि थिजताना पिठूळ अवस्थेत न रेंगाळता एकदम थिजतं. वृत्तपत्राला हेच हवं होतं: ओळ पटकन ओतायची, पटकन कडक व्हायची, अक्षराची कड धारदार यायची. गोळी ओतणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं. १९७० च्या दशकात अमेरिकन वृत्तपत्रं ऑफसेटकडे वळली तेव्हा छापखान्यांतला हा धातू भंगारात निघाला आणि एका पिढीच्या छंदिष्टांनी तो पोत्यांनी साठवून ठेवला. आपल्याकडे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या बोटांवर जो काळा डाग असायचा, त्याच्यामागचा धातू याच कुळातला. खिळ्यांच्या त्या पेट्याही इथे भंगारातच गेल्या. फक्त त्यांचं पुढे काय झालं याच्याशी कोणी छंद म्हणून नातं जोडलं नाही.

आता प्रत्यक्ष ओतणं. विजेवर चालणारं छोटं भांडं, ३५० ते ४०० अंशांच्या दरम्यान तापमान, अॅल्युमिनियम, लोखंड किंवा पितळेचा दोन पाकळ्यांचा साचा आणि वर भोकाची फिरती पट्टी. रसावर करडी साय धरते. ती काढून फेकली तर तिच्याबरोबर कथील जातं, कारण हवेशी संयोग पावण्यात कथील पुढे असतं. म्हणून रसात मेणाचा तुकडा किंवा लाकडाचा भुसा टाकून ढवळतात. कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो, कथील पुन्हा धातू होऊन रसात उतरतं आणि खरी मळी तेवढी वर राहते. या टप्प्याला धूर आणि कधीकधी ज्वाळा उठते, म्हणून तो उघड्यावरच करायचा असतो.

पहिल्या काही गोळ्या हमखास सुरकुतलेल्या निघतात, तव्यावरचं पहिलं घावन बिघडतं तशा. साचा पुरेसा तापलेला नसतो. तो तापला की गोळी चकचकीत, धारदार कडांची येते. फार तापला तर तिच्यावर दंव पडल्यासारखा पांढुरका पोत येतो. नवखे याला खोट समजतात. जुने लोक म्हणतात, कडा भरल्या आहेत ना, मग दंव असू दे. मला जुन्यांचं पटतं, कारण गोळीचा तळ नीट भरला आहे की नाही यावर नेम जास्त अवलंबून असतो. दिसणं हा हौसेचा भाग. जाणकार माणूस थर्मामीटर वापरतोच, पण लय त्याहून जास्त सांभाळतो. दोन ओतण्यांमधला वेळ सारखा ठेवला की साच्याचं तापमान आपोआप सारखं राहतं. मग गोळ्या एकेक करून तोलायच्या. जिचं वजन कमी, तिच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे. ती परत भांड्यात. शिशात चूक कायमची नसते, हे या छंदाचं एक सुख.

एक विचित्र गोष्ट कठीणपणाची. साच्यातून काढलेली गरम गोळी थेट पाण्यात टाकली आणि मिश्रणात अँटिमनीबरोबर आर्सेनिकचा अंश असला, तर ती लगेच नव्हे, पुढच्या काही तासा-दिवसांत हळूहळू कठीण होत जाते. अचानक थंड झाल्यामुळे अँटिमनीचे अणू शिशाच्या रचनेत अडकून पडतात आणि मग सवडीनं बारीक कणांच्या रूपात बाहेर येतात. ते कण धातूला सरकू देत नाहीत. विमानाच्या अॅल्युमिनियमला बळकटी येते तीही अशाच क्रियेनं. पण पाणी आणि वितळलेलं शिसं यांची सोबत भयंकर आहे. भांड्याच्या रसात पाण्याचा एखादा थेंब बुडाला, ओलसर भंगार पडलं, की पाण्याची क्षणात वाफ होते, तिचं आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं आणि भांड्यातलं शिसं छतापर्यंत उडतं. या छंदातले बहुतेक भाजण्याचे अपघात या एका कारणानं होतात. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, चामडी हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट ही हौसेची वेशभूषा नाही.

ओतलेल्या गोळीला शेवटी वंगण लागतं. नाहीतर मऊ शिसं नळीच्या आतल्या भिंतीवर चिकटत जातं आणि नेम बिघडतो. अमेरिकेत मधमाश्यांचं मेण आणि एक औद्योगिक वंगण समभाग मिसळून लावण्याची पद्धत रूढ आहे. हल्ली काही जण रंगीत पावडर कोटिंग करून भट्टीत भाजतात. वंगणाचा हा तपशील वाचताना मराठी माणसाला १८५७ चा उठाव आठवल्याशिवाय राहत नाही. एनफील्ड रायफलची गोळी शिशाचीच होती, म्हणूनच तिच्या कागदी काडतुसाला चरबी लागत होती, आणि ते काडतूस दातानं फोडायचं होतं. गाई-डुकरांच्या चरबीची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडममधून पसरली. तेव्हा सरकारनं सैनिकांना आपापलं मेण आणि तेल लावायची मुभा दिली. वंगण म्हणून तो पर्याय उत्तम होता. पण विश्वास उडालेला होता. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांचं हे प्रकरण येतं. धातुशास्त्राच्या एका किरकोळ गरजेला इतिहासात एवढी मोठी जागा क्वचितच मिळाली असेल.

आणि आता विष. शिसं उकळतं १,७४९ अंशांना, त्यामुळे ४०० अंशांच्या भांड्यातून वाफ जवळजवळ निघत नाही. हे खरं आहे आणि छंदिष्ट ते अभिमानानं सांगतात. पण धोका वाफेतून येतच नाही. तो मळीच्या करड्या भुकटीतून, बोटांवरून आणि कपड्यांवरून येतो. शिसं हाताळून न धुता खाल्लेला घास, ओढलेली सिगारेट, बुटाबरोबर घरात आलेली धूळ आणि त्या फरशीवर रांगणारं बाळ, हा त्याचा मार्ग. शरीर शिशाला कॅल्शियम समजून घरात घेतं. रक्तातलं शिसं अर्धं व्हायला महिनाभर लागतो, हाडात गेलेलं दशकं राहतं, आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम बाहेर पडतं तेव्हा तेही बाहेर येऊन गर्भापर्यंत पोचतं. मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं मुलांसाठीची दखलपात्र पातळी उतरवत उतरवत २०२१ मध्ये प्रतिडेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही असंही स्पष्ट सांगितलं. वॉलकॉटांच्या अंगणातल्या मुलांच्या रक्तात काय उतरलं असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

जबाबदार छंदिष्ट म्हणून स्वयंपाकघरात कधी ओतत नाहीत, त्या भांड्यांचा दुसरा उपयोग करत नाहीत, कोरडा झाडू मारत नाहीत, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घेतात. गंमत म्हणजे, तपासणीत आकडा वाढलेला दिसला तर दोष अनेकदा ओतण्याचा नसून बंदिस्त नेमबाजीगृहातल्या हवेचा असतो. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकात शिशाचं संयुग असतं आणि ते खऱ्या अर्थानं धूर होऊन श्वासात जातं.

शिकाऱ्यांच्या गोळ्यांचा भोग पक्ष्यांनीही भोगला. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा अजस्र गिधाडवर्गीय पक्षी १९८२ मध्ये अवघा २२ उरला होता. शिकाऱ्यानं मागे टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण त्याच्या पोटात जायचे. उरलेले सगळे पक्षी पकडून, पैदास करून पुन्हा सोडले गेले, तरी शिसं त्यांना मारत राहिलं. शेवटी कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आणली. आपल्या गिधाडांचा घात गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं केला. तिकडे ते काम शिशानं केलं. माझ्या मते इथे शिशाच्या बाजूनं होणारा छंदिष्टांचा युक्तिवाद लंगडा पडतो. मैदानातल्या लक्ष्यावर झाडलेलं शिसं चाळून परत आणता येतं, रानात झाडलेलं येत नाही, आणि तिथे तांब्याची गोळी उपलब्ध आहे.

भारतात हा छंद नाही आणि होऊही शकत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे; बंदुकीचा परवाना असला तरी तो गोळ्या बनवण्याचा परवाना ठरत नाही. तेव्हा हे वाचून कोणी भांडं चढवू नये. पण घरात शिसं वितळवणं आपल्याकडे अजिबात होत नाही असं मात्र नाही. कोकणात पागाच्या घेराला शिशाच्या गोळ्या लागतात, गळाला वजन लागतं, आणि ती घरीच ओतणारे लोक आहेत. त्यांना वरची सगळी पथ्यं लागू आहेत, विशेषतः पाण्याचं आणि लहान मुलांचं.

त्याहून कितीतरी मोठा प्रश्न बॅटरीचा आहे. जगातलं बहुतेक शिसं आज गोळ्यांत नसून मोटारींच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत आहे. अमेरिकन छंदिष्ट सहसा कोणत्याही भंगाराला नाही म्हणत नाहीत, पण बॅटरी फोडू नका असं ते एकमुखानं बजावतात. तिच्यात आम्ल असतं, आणि नव्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांत कॅल्शियम असल्यामुळे वितळवून उरलेल्या मळीला ओल लागली तर आर्सीन आणि स्टिबीन हे अतिविषारी वायू निघू शकतात. आपल्याकडे मात्र बॅटऱ्या वस्तीजवळच्या उघड्या भट्ट्यांत फोडून वितळवण्याचा धंदा चालतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण प्रतिडेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज आहे. अशा भट्ट्या हे त्यामागचं एक प्रमुख कारण.

इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी संपली, की चार पैसे जास्त देतो म्हणून ती दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे जमा करा आणि बिलात तिची वजावट लिहून घ्या. जुनी बॅटरी परत घेऊन तिची नोंदणीकृत कारखान्यात विल्हेवाट लागेल हे पाहण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.